होडी, जाळं आणि डावा हात

दातांचा डॉक्टर एक मजला आधीच लिफ्टमधून उतरला आणि तिच्या तावडीत सापडला.

ती ब्राउझरवर खेळायचे छोटे छोटे खेळ बनवायची. नवा खेळ कोणा परक्या माणसाकडून खेळून घ्यायचा, म्हणून ती सकाळपासून दारात उभी होती. आयता माणूस चालून आल्यावर सोडते कशाला? "पाचच मिनिटं," ती म्हणाली, "आणि घाबरू नका. परीक्षा तुमची नाही, आमच्या खेळाची आहे."

"मग तुम्ही घाबरा," तो म्हणाला आणि हसला. हसू असं, की तिला क्षणभर पुढचं काही सुचेना.

होडी हाकायला कीबोर्डच्या डाव्या कडेच्या चार कळा, जाळं टाकायला माऊस. माऊस त्याने आपल्या डाव्या बाजूला घेतला आणि उजवा हात कीबोर्डवरून आडवा नेऊन कळा शोधत बसला. होडी जागच्या जागी गरगरली आणि बुडाली. पुन्हा बुडाली. तो ओशाळून उठला, निरोप घेऊन गेला, आणि ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

हे नेमकं खेळाची चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीने टिपलं. दुपारी सगळे जमल्यावर ती चिडवू लागली, कोणाच्या तरी दाढा दुखायला लागल्यात म्हणे. हिचे कान तापले. काहीतरी करून विषय उडवायला हवा होता, म्हणून हिने सकाळी खेळताना कॅमेऱ्यात आलेलं त्याच्या हातांचं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. "यांच्याकडे दात काढायला जाऊ नका," ही म्हणाली, "शेजारच्याचा काढतील."

हशा पिकला... आणि दाराशी येऊन थांबला. डॉक्टर उभा होता. टेबलावर राहिलेला चष्मा त्याने डाव्या हाताने उचलला, डाव्याच हाताने घातला आणि निघून गेला.

डावखुरा! एवढंही तिला दिसलं नव्हतं. खेळवणारीने आधी हात बघायचे असतात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ती लिफ्ट सोडून जिन्याने येऊ-जाऊ लागली. खेळ तिने मुळापासून बदलला. चार कळा गेल्या, एकच टिचकी उरली — माऊसची, बोटाची, कुठल्याही हाताची. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि कौतुक ऐकून तिला जास्तच लाज वाटली. शेवटी जीव मुठीत धरून ती वरच्या मजल्यावर गेली.

"कुठली दाढ?" त्याने विचारलं.

"दाढ नाही... मी चुकले. माफी मागायला आले."

तो हातमोजे काढत राहिला. "हसल्याचं काही नाही हो. शाळेपासून सवय आहे. पण परीक्षा माझी नाही म्हणालात, ते मी खरं मानलं होतं."

एकदाच खाली या, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

तो आला. डाव्या हाताने टिचकी मारत त्याने होडी थेट काठाला लावली, जाळं भरून. "झाला तुमचा खेळ पास," म्हणत तो उठला. तो आता लिफ्टकडे जाणार, आणि मग हे असंच राहणार — तिला ते लख्ख दिसलं.

"थांबा," ती म्हणाली. मान वर होईना. "तुम्ही डावखुरे आहात हे मला दिसलं नाही, कारण मी हातांकडे बघतच नव्हते. आणि नंतर हसले ते... तुम्ही आवडलात हे कोणाला कळू नये म्हणून. फार वाईट वागले मी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो पुन्हा बसला होता.

"हे त्या दिवशीच सांगितलं असतंत," तो हळूच म्हणाला, "तर होडी हजारदा बुडवली असती मी."