तारेखालचं मोहाचं झाड

"…गुणाबाईचं झाड तर तोडलं ना वो, तरी पहाटे तिथी अजून—"

एवढं ऐकलं आणि लाइट आली. चक्कीचा पट्टा फिरला, घर्रर्र सुरू झालं आणि पुढची सगळी गोष्ट त्या आवाजात पिठासारखी उडून गेली. मी डबा घेऊन जवळ सरकले, तर गोष्ट सांगणाऱ्या अंजनाबाईनं तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. आता तुम्हीच सांगा, अर्धी गोष्ट ऐकून माणसानं घरी जायचं कसं?

मी सरिता. गुणाबाईच्या घराला लागून माझं घर, मधात फक्त बांबूची कुपाटी. त्या कुपाटीला एक फट आहे. ती मी पाडली असं आमचे मालक सोमाजी म्हणतात. साफ खोटं. मी ती फक्त बुजवली नाही.

तर झाड. मागच्या वर्षी आमच्या शिवारातून मोठी लाइन गेली. दूर कुठं सोलरच्या प्लेटा मांडून उन्हाची लाइट बनवतात म्हणे, ती नेण्यासाठी. आधी जंगलात रुंद पट्टा साफ केला, मग टॉवर उभे झाले, मग तारा ओढल्या. त्या पट्ट्यात गुणाबाईचं मोहाचं झाड आलं.

आमच्याकडे जंगल सरकारचं, पण मोह घराघराचा. कोणतं झाड कोणाचं हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, तरी शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल न विचारता उचललं की ती चोरी. घरातून धान नेलेलं एखाद वेळ विसरतील, मोह विसरत नाहीत. गुणाबाईचं झाड तिच्या सासूचं. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. करवत लागली त्या दिवशी गुणाबाई घराबाहेर आली नाही, मीच तिच्याकडे भाजी नेऊन दिली.

आणि आता मोहाचा हंगाम लागला तर गुणाबाई रोज पहाटे टोपली घेऊन जायची आणि उजाडल्यावर भरली टोपली घेऊन यायची! अंगणभर मोह वाळत पडलेला. वासानं आमच्या घरातसुद्धा डोकं जड व्हायचं.

"कुठून आणतेस वो एवढा?" मी कुपाटीवरून विचारलं.

"झाडाखालून. आणखी कुठून?"

आणि हसत आत गेली.

संध्याकाळी मी अंजनाबाईला चहाला बोलावलं, दोनदा साखर घातली, तेव्हा तिनं उरलेली गोष्ट सोडली. "तिची सासू हालवते म्हणतात झाड. झाड नाई, तरी हालवते. अन् ज्यानं ते फूल खाल्लं त्याले ती नावानं हाक मारते."

"कोणी ऐकली हाक?"

"ज्यानं ऐकली तो सांगाले येईल का?"

मी बौद्ध घरची बाई. भूतबित काही नसतं हे लहानपणापासून शिकलेली. पण दुसरी गोष्ट भुतापेक्षा वाईट होती. गुणाबाईच्या दिव्यानीला रविवारी भद्रावतीचे पाहुणे पाहायला येणार होते. पोरगी गुणी, मुलगा सबस्टेशनात ऑपरेटर, दोघं फोनवर बोलून खूश. अशात ही चर्चा त्यांच्या कानावर गेली तर? मोह खरंच पडत असेल तर आई जादूवाली ठरणार. पडत नसेल तर दुसऱ्याच्या झाडाखालचा उचलते म्हणून चोर. दोन्हीकडून पोरीचं लग्न मोडतं. म्हणून शोध लावणं गरजेचं होतं. नुसती उत्सुकता नव्हती.

"तू जाय," सोमाजी म्हणाले. "मी घर राखतो."

"घराले काय धाड भरली?"

"म्हणूनच राखतो."

शेवटी अंजनाबाईला सोबत घेतलं. तिला भीती वाटत होती, पण तिच्याआधी मला काही कळलेलं तिला चाललं नसतं.

पहाट व्हायची होती. पट्ट्यावर धुकं बसलेलं. दोन्हीकडे जंगल काळं, मधात ही मोकळी जागा, आणि टॉवर एकामागं एक उभे, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. तारांत अजून लाइट सोडली नव्हती. झाड तर गेलेलं, पण वास… वास असा दाट की हातानं बाजूला सारावा लागेल.

टप्.

अंजनाबाईनं माझा दंड धरला.

टप्… टप् टप्.

पुढं तोडून उरलेल्या बुंध्याजवळ कोणीतरी वाकून वेचत होतं. गुणाबाईच ती. तिच्या पाठीवर, आजूबाजूला, फुलं पडत होती. वरून. जिथं वर काहीच नव्हतं.

"सरिता… चाल… चाल मागं…"

मी बॅटरी वर केली. तारांना काळ्या पिशव्या लटकलेल्या. एका पिशवीनं डोळे उघडले, पंख झाडले आणि तोंडातलं अर्धं फूल नेमकं अंजनाबाईच्या डोक्यावर टाकलं. तिची किंकाळी पार ब्रह्मपुरीच्या स्टँडवर ऐकू गेली असेल.

वटवाघळं! आतल्या जंगलातल्या झाडांवरून फुलं आणायची आणि इथं तारेवर लटकून खायची. खाताना सांडायची.

गुणाबाई पोट धरून हसली. "काय वो सरिता, कुपाटीतून दिसलं नाई म्हणून इथवर आलीस?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच एक फूल तोंडात टाकलं. गोड, थंडगार. एक गोष्ट मात्र खटकली होती, ती तेव्हा मी मनातून झटकली. वटवाघळाचं फूल चावलेलं असतं. गुणाबाईच्या टोपलीत चावलेली थोडी होती. बाकी सगळी अख्खी, टवटवीत.

रविवारी पाहुणे आले. मुलगा रोशन आणि त्याची आई पार्वताबाई, भरल्या अंगाची, खळखळून बोलणारी. अंजनाबाई पोहे करू लागायला म्हणून आली आणि चांगली जागा धरून बसली. दिव्यानी चहा देत होती. पार्वताबाईची नजर अंगणात गेली.

"काय सुंदर मोह आहे वो! माह्या माहेरची आठवण आली. झाड कुठी आहे तुमचं?"

दिव्यानीच्या हातातला ट्रे थांबला. अंजनाबाईनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मीच उडी घेतली. झाड तोडलं ते, अफवा उठली ती, आम्ही दोघी पहाटे गेलो ते, वटवाघूळ, अंजनाबाईची किंकाळी, सगळं हातवारे करून सांगितलं. पार्वताबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. अंजनाबाईसुद्धा हसली. मी मनात म्हटलं, झालं, जमलं लग्न.

रोशनही हसत होता. मग बिचारा सहज बोलून गेला, "पण मावशी, हे लाइन चालू व्हायच्या आधीचं ना? ती तर मंगळवारीच चार्ज झाली, ड्युटीवर मीच होतो. आता त्या तारेवर वटवाघूळ काय, कावळाबी टेकत नाई."

हसू थांबलं. सगळ्यांचे डोळे अंगणाकडे वळले. तिथला मोह ओला होता. आज पहाटेचा.

मी गुणाबाईला आत चुलीपाशी गाठलं.

"सरिता, मी कोणाच्या झाडाले हात नाई लावला वो. पोरीची शप्पथ."

"मग कुठून येते?"

"पडते… मी वेचते… वर पाहत नाई."

बाहेर पार्वताबाई शांत झाल्या होत्या. बोलक्या बाईचं असं शांत होणं मला अजिबात आवडत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आम्ही आज मुक्काम करतो. पहाटे मले ती जागा दाखवा."

पहाटे आम्ही निघालो. पुढं गुणाबाई, मग दिव्यानी, मग पार्वताबाई आणि मी. मागून अंजनाबाई, तिला कोणी बोलावलं नव्हतं. पट्ट्यात पाय ठेवला आणि हातावरचे केस उभे राहिले. ते तारांमुळे, रोशननं आधीच सांगितलं होतं. तारा आता बोलत होत्या. मोठ्या पितळी गंजात पाणी उकळी धरायच्या आधी जसा आवाज काढतं, तसा बारीक आवाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बॅटरी वर मारली. तारा कोऱ्या. एक पाखरू नाही.

बुंध्याभोवतीची जमीन गुणाबाईनं झाडून ठेवलेली. तिथं एकही फूल नव्हतं.

आम्ही थांबलो. वास होता, पण वासाचं काय, तो अंगणातूनही साडीला लागून येतो. पूर्वेला जरा पांढरं झालं. अंजनाबाईनं असा सुस्कारा टाकला की त्यात 'चोरच निघाली' हे बोलण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आलं. दिव्यानीनं आईचा हात धरला. गुणाबाई खाली मान घालून उभी होती. त्या दोघींकडे पाहवत नव्हतं.

टप्.

पार्वताबाईच्या खांद्यावर.

टप्… टप् टप्… मग सगळीकडेच. अख्खी, भरलेली, दवानं ओली फुलं. झाडाचा घेर जेवढा होता तेवढ्यातच पडत होती, एक पाऊल इकडे नाही, एक पाऊल तिकडे नाही. तारांचा आवाज तसाच चालू होता. अंजनाबाई माझ्या पाठीमागं शिरली.

पार्वताबाईंनी खांद्यावरचं फूल घेतलं. हुंगलं. मला वाटलं, आता ही बाई ओरडत पळणार, आणि संध्याकाळपर्यंत भद्रावतीला कळणार.

"गुणाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झाड तुमचं आहे. विचारल्याबिगर कसं वेचू? घेऊ का?"

गुणाबाईनं 'हो' म्हणून मान हलवली.

"मंग बसा की साऱ्या!" पार्वताबाईंनी पदर खोचला. "पोरी, तूबी बस. आमच्या घरी मोह नाई. लग्नानंतर दर हंगामात तुह्यासंगं मी इथी येत जाईन, आतापासून सांगून ठेवते. हे बाई कोण, पाठीमागं लपून राह्यली ते? तिलेबी एक टोपली द्या."

दिव्यानी रडत हसायला लागली. मग आम्ही वेचलं, गप्पा मारत, एकमेकींना चिडवत. पार्वताबाईंनी चार फुलं खाल्ली, मी पोटभर, आणि अंजनाबाईनं आम्ही पाहत नाही असं समजून एक. नावानं हाक कोणालाच आली नाही. म्हातारीही कोणाला दिसली नाही. म्हणजे चक्कीवरची गोष्ट निम्मी तरी खोटीच होती, हे मी गावभर ठासून सांगितलं आहे, आणि अजून सांगते.

उरलेली निम्मी मी सोमाजींनाही सांगितलेली नाही.

ऊन वर आलं. चैताचं ऊन, लगेच चटका देणारं. टोपल्या भरल्या होत्या. पार्वताबाई बुंध्याला टेकल्या, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "बरं वाटते वो इथी सावलीत."

"हो ना," मी म्हटलं.

आणि मग पाहिलं. सगळा पट्टा उन्हानं पांढराफेक पडला होता. टॉवरची सावली पार पलीकडे, सरळ रेघांची. आमच्या अंगावरची सावली वाकडीतिकडी होती, फांद्यांची, टोकाला नवी कोवळी पालवी फुटलेल्या फांद्यांची, आणि वारा नसताना थोडी थोडी हालत होती. वर तारा आणि निळं आभाळ, बाकी काही नाही.

दिव्यानीनं टोपली ओढली आणि उन्हातून आणखी थोडी आत सरकून बसली.