रेंगाळणारं पाऊल

पुलाच्या पायऱ्यांपाशी तो थबकला आणि गर्रकन मागे वळला.

"बाजारापासून माझा पाठलाग चाललाय. काही काम होतं?"

तिची बोबडीच वळली. "तुमचा नाही हो… म्हणजे — तुमच्या गुडघ्याचा!"

ती यंत्रांचे आराखडे काढायची. गर्दीत पुढे चालणाऱ्या या माणसाचं उजवं पाऊल दर खेपेला अंमळ उशिरा पडतंय, हे तिनं हेरलं होतं. आणि एकदा का कुतूहल जागं झालं, की तिला लाजबीज सुचत नसे.

तो मोकळेपणानं हसला. पाय नकली होता. खरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. तो जमिनीची मोजणी करणारा, पण तेव्हापासून टेबलाला खिळलेला. "पुढच्या महिन्यात चालण्याची चाचणी आहे. ठरल्या वेळात चढ चढलो, तर पुन्हा डोंगरात. नाहीतर आहेच जन्मभर खुर्ची."

"मला तो गुडघा वाकताना बघायचाय," ती म्हणून गेली.

"पहिल्याच भेटीत?"

तिचे कान लालबुंद झाले.

रविवारी ती त्याच्या भावाच्या घरी हजर. व्हरांड्यात त्याला चालवून तिनं बाजूनं भराभर फोटो घेतले. गुडघ्यात दोन पट्ट्या होत्या, एक पुढे, एक मागे, चार खिळ्यांवर हलणाऱ्या. फोटोवर कागद ठेवून तिनं दोन्ही पट्ट्यांच्या रेघा वर वाढवत नेल्या. मांडीत एका जागी त्या एकमेकींना भेटल्या.

"आत्ता, या घडीला, तुमचा पाय या बिंदूभोवती फिरतोय."

तो वाकून बघू लागला. "पण इथं तर काहीच नाही!"

"नसू दे. पुढच्या क्षणी हा बिंदूही इथं नसेल. याला क्षणिक केंद्र म्हणतात."

"क्षणिक… मग भरवसा कसा ठेवायचा?"

"क्षणाक्षणाला नव्यानं शोधायचं." ती बोलली, आणि तिनं उगीचच पुढचा फोटो जवळ ओढला.

चौथ्या रविवारी आतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, गुडघ्याचं माप घ्यायला चार रविवार लागतात का हो?"

लागलेच चार रविवार. एकेका फोटोत केंद्र शोधायचं, तिथून पावलापर्यंतचं अंतर मोजायचं, त्याला पाय फिरण्याच्या वेगानं गुणायचं, की पावलाचा वेग हाती. शेवटी तिला चोर सापडला. गुडघा वाकला रे वाकला, की केंद्र भरकन खाली घसरायचं. अंतर घटायचं, वेग घटायचा, आणि पाऊल तिथंच रेंगाळायचं. पाय बनवणाऱ्या कारागिरानं तिचा आराखडा उलटसुलट बघितला, मान डोलावली आणि मागची पट्टी थोडी लांब करून बसवली.

तो व्हरांड्यात चार फेऱ्या चालला. थांबला. पुन्हा चालला… डोळे भरून आले होते, पण बोलला एवढंच, "वेळेवर येतंय हो."

तिला आनंद झाला. पण तेवढ्यातच तिच्या लक्षात आलं… हे पाऊल आता त्याला डोंगरात घेऊन जाणार — आपणच तर त्याला वेग दिला!

चाचणीच्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या कचेरीखाली उभा होता, हातात बदलीचा कागद.

"पास?"

"पास. सहा महिने डोंगरात, पार त्या टोकाला." तो कागदाची घडी घालत राहिला. "एक विचारू? तुम्ही… तू माझी वाट बघशील?"

तो 'तू' तिनं बरोबर टिपला. तरी ती शांतपणे म्हणाली, "वाट बघणं मला मुळीच जमत नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"दर शनिवारी सकाळी सहाला तिकडे बस सुटते. तू चाचणीला गेला होतास ना, तेव्हा मी स्टँडवर चौकशी करून आले. खिडकीजवळची जागा सांगून ठेवलीय… चालेल ना तुला?"