रांगेतला शेवटचा माणूस

हॅरलनची मोटरसायकल आडवी पडली, तेव्हा तिच्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

ऑगस्टचं ऊन होतं, मोटरसायकलवाल्यांच्या दरवर्षीच्या रॅलीचा आठवडा होता. आमच्या स्टर्जिस गावाचा मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटरसायकलींनी भरला होता आणि डांबर लोण्यासारखं मऊ झालं होतं. चर्चच्या बायकांनी मांडव घालून पॅनकेक विकायला ठेवले होते. मी कॉफी ओतत होते. समोर एक उंच, तांबूस केसांचा तरुण गाडी लावून वळला, आणि गाडीचा स्टँड डांबरात रुतून ती हळूहळू, झोपेला आलेल्या गाईसारखी कलंडली.

मी पीचच्या डब्याचं झाकण घेऊन गेले. ऑगस्टमध्ये स्टँडखाली काहीतरी सपाट ठेवायचं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

"हे घाला खाली," मी म्हटलं. "पहिल्यांदाच आलात वाटतं रॅलीला?"

"पाचव्यांदा," गाडी उचलत तो म्हणाला. कान लालभडक झाले होते. "पत्रा खिशातच आहे माझ्या. पण... मांडवाकडे लक्ष गेलं."

"पॅनकेककडे?"

"पॅनकेककडेसुद्धा."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. गावात वडिलांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. रॅलीच्या आठवड्यात जो तो आपल्या अंगणात तंबूंना जागा देतो. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात जे तंबू उभे राहिले, ते नेमके हॅरलनच्या टोळीचे होते. उत्तरेला मोठ्या सरोवरावरच्या डुलुथच्या बंदरात जहाजांत लोखंडाचं खनिज भरणारी माणसं ती. दिवसभर उन्हात फिरायची आणि रात्री मोठमोठ्याने घोरायची. सगळ्यांत वयस्क लॉइडकाका.

सकाळी सगळे झोपेत असताना हॅरलन दवात गुडघे टेकून एकेका गाडीची चाकं, ब्रेक, दिवे, साखळी तपासायचा. मी कॉफी घेऊन जायचे.

"काय आजोबा, झाली का प्रार्थना?"

"लॉइडकाकांच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. मीच भरतो. त्यांना सांगू नकोस, चिडतील."

"आणि तुझ्या चाकाची काळजी कोण करतं?"

तो हसायचा. दात थोडे वाकडे होते, म्हणून हसताना ओठ मिटून घ्यायचा... मला ते फार आवडायचं. संध्याकाळी बिअरची पहिली बाटली उघडायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन गाडीची चावी माझ्या हातावर ठेवायचा.

"सकाळपर्यंत मागितली तरी द्यायची नाही."

"आणि रडून मागितली तर?"

"तर मात्र थोडा विचार कर."

मला गाडीवर मागे बसवायलासुद्धा त्याने घाई केली नाही. आधी माझे बूट पाहिले. मग त्या मरणाच्या उकाड्यात स्वतःचं जाड चामडी जाकीट मला घातलं. "घाम पुसता येतो, खरचटलेली कातडी परत शिवता येत नाही," म्हणाला. पाणी प्यायला लावलं. खांद्यावर दोनदा थोपटलं की थांबायचं, हे ठरवून घेतलं. गाड्यांची रांग ठरलेली असायची: सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या मागे नवखे, आणि सगळ्यांत शेवटी हॅरलन, अवजारांची गुंडाळी घेऊन. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घसरलं, तर थांबणारा तो.

पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की तो पुटपुटायचा, "एक हजार एक... एक हजार दोन..." तेवढे दोन सेकंद झाल्यावर आमची गाडी त्या खांबाशी पोचली पाहिजे, आधी पोचली तर आपण फार जवळ आलो. त्याच्या पाठीला गाल टेकला की तो आकडा मला ऐकू येण्याआधी जाणवायचा. पाइनचा वास, तापलेलं चामडं, आणि पाठीतून येणारी ती हळू मोजणी...

पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी दरीकडे झुकली. मी घाबरून उलट्या बाजूला अंग टाकलं. गाडी रस्त्याच्या मधल्या रेघेपर्यंत भरकटली. पुढे जागा मिळाल्यावर त्याने थांबवली. त्याचा आवाज शांत होता.

"वळणावर माझ्या खांद्यावरून बघ. मी झुकेन तेवढंच झुक."

"आणि तू पडलास तर?"

"तर तूही पडशील," तो म्हणाला. "म्हणून मी पडणार नाही."

शेवटच्या दिवशी डोंगरात गारा सुरू झाल्या. सगळे बोगद्यात शिरले. टोळीतले बाकीचे पुढच्या तोंडाशी सिगारेटी ओढत होते; आम्ही दोघं मागे. बाहेर रस्ता पांढरा झाला होता आणि त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं.

आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी त्याला गॅरेजात काम देऊ केलं होतं. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं.

"बाबांनी विचारलं ना तुला?"

"हं."

"मग?"

"आधी यांना घरी पोचवतो."

"शाळेतली पोरं आहेत का ती?"

"लॉइडकाकांना संध्याकाळी नीट दिसत नाही, आर्डिस. मी मागे असतो म्हणून ते येतात."

"आणि मग?"

त्याने माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. बोटं तिथेच राहिली. मला वाटलं, आता... आता म्हणेल. त्याच्या ओठांची हालचालही झाली.

"मग येईन," तो म्हणाला. "रस्ते कोरडे झाले की."

त्यांच्याकडचे रस्ते एप्रिलमध्ये कोरडे होतात. हिवाळाभर त्याची कार्डं येत राहिली. सरोवर गोठलं. बर्फ एवढा पडला. लॉइडकाका बरे आहेत. मीही उत्तरात आमच्याकडचा बर्फ कळवला. मुलीने त्याहून जास्त लिहू नये, असा तो काळ.

मार्चमध्ये बाबांनी गॉर्डनला कामावर ठेवलं. गॉर्डन बोलका, हसरा. त्याला जे हवं ते तो मागायचा. एप्रिल कोरडा गेला; हॅरलन आला नाही, काही कळवलंही नाही. मेमध्ये गॉर्डनने मला मागणी घातली. जूनमध्ये आमचं लग्न झालं. गॉर्डन चांगला नवरा होता. त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही.

ऑगस्टमध्ये हॅरलन आला. एकटाच. मागच्या सीटवर, माझ्या जागी, अवजारांची मोठी पेटी दोरांनी घट्ट बांधलेली होती. माणूस फिरायला येतो तेव्हा एवढी पेटी आणत नाही.

मी फाटकाशी होते. त्याने हातमोजे काढले, माझ्या बोटातली अंगठी पाहिली, आणि हातमोजे पुन्हा घातले.

"बंदरावर बदली माणूस मिळत नव्हता," तो म्हणाला. "जहाजं अर्धी भरलेली टाकून कसं यायचं..."

"कळवलं असतंस तर?"

"नक्की झाल्याशिवाय काय कळवायचं? तू उगाच वाट पाहत बसली असतीस."

गॅरेजातून गॉर्डनची शीळ ऐकू येत होती.

"चांगला आहे का तो?"

"हो."

"गाडी कशी चालवतो?"

"जरा जोरात."

त्याने मान हलवली. पाणी मागितलं, ग्लासभर प्यायला, रिकामा ग्लास कठड्यावर ठेवला. मग पेटीचे दोर एकेक करून ओढून पाहिले, सगळे, दोनदा. तेवढ्या वेळात मी हाक मारू शकले असते, पण हाक मारून सांगायचं काय होतं? मागच्या वर्षी तो एक शब्द बोलला असता, तर मी ओल्या रस्त्यानेही गेले असते.

त्याने गाडी सुरू केली. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि तोंडात आलं ते निघणाऱ्या कुणालाही आपण म्हणतो तेच.

"सावकाश जा, हॅरलन."

आयुष्यात त्याला जी एकच गोष्ट कुणी सांगायला नको होती, तीच मी त्याला सांगितली.