बाईंची शनिवारची मुलं

दार उघडणाऱ्याने आधी माझ्या हातातल्या अवजारांच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या मागे जिन्यात डोकावलं.

"वायरमन येतोय का मागून?"

"तो पुढूनच आलाय," मी म्हटलं. "कुठला पंखा बिघडलाय?"

त्याचे कान लाल झाले. "सॉरी हं... या ना!" म्हणत त्याने स्टूल आणलं आणि दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं, जणू मी कड्यावरच चढणार होते.

एवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "मेन बंद केलंय का आधी?"

माझा हात थबकला. हा आवाज...

सोळाव्या वर्षी गणितात नापास होऊन मी घरी बसले होते. तेव्हा युवा केंद्रात एक बाई दर शनिवारी आम्हा नऊ जणांना वायरिंग शिकवायच्या. आठवडाभर वीज कंपनीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. आज माझं पोट त्या शनिवारांवर चालतं.

मी आत धावले. बाई थकल्या होत्या, नजर अधू झाली होती. मी हात हातात घेऊन ओळख सांगितली. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "किती मुलं आली नि गेली गं. कुणाला उपयोग झाला, की नुसताच वेळ गेला... कोण जाणे."

ते मला फार लागलं. पंखा फिरू लागला तरी माझा पाय निघेना. दारात मी मघाशी स्टूल धरणाऱ्या त्यांच्या भाच्याला म्हटलं, "बाकीच्या आठ जणांना शोधून इथे आणायचंय मला."

"मी पोस्टात आहे. पत्त्यांचं माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "आणि... सोबत आलो तर चालेल?"

"स्कूटर मी चालवणार."

"मागे बसण्यात मी पटाईत आहे!"

मग दर रविवारी तो एक पत्ता घेऊन यायचा. एकदा पावसाची सर आली म्हणून आम्ही एका दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो. माझ्या हेल्मेटची ओली काच त्याने न सांगता रुमालाने पुसून दिली. एवढंच. पण परतताना मी उगीचच हळू चालवली...

नवव्या रविवारी सगळे बाईंच्या खोलीत दाटीवाटीने बसले. एकजण लिफ्ट दुरुस्त करते, एकाचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. शेवटी बँकेतला कारकून उठला.

"बाई, मी आज वायरला हातही लावत नाही. पण तेव्हा घरी वडिलांचा माझ्यावर हात उठायचा. तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम वर्ग लांबवायचात... कळायचं मला. थँक्यू म्हणायचं राहून गेलं."

बाईंनी त्याचा चेहरा चाचपला. "तू पकड उलटी धरायचास," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आम्हालाही.

सगळे गेल्यावर भाचा मला पोचवायला जिन्यात आला.

"एक सांगायचंय. आठही पत्ते मला पहिल्याच आठवड्यात मिळाले होते."

"काय? मग दोन महिने—"

"सगळे एकदम दिले असते, तर तुम्ही दोन दिवसांत काम उरकलं असतं."

"आणि तिकडे बाईंना थांबवलंत!"

"मावशीची माफी मागेन. तुमची नाही मागणार."

मला रागवायचं होतं, पण ओठ ऐकेनात. बाईंचे उपकार आधीच फिटण्यासारखे नव्हते, त्यात आज त्यांच्या भाच्याची भर!

"पुढच्या रविवारी... कुठे जायचं?" त्याने हळूच विचारलं.

"तू म्हणशील तिथे."

ते 'तू' ऐकून त्याची पायरीच चुकली. मी पटकन त्याचा हात धरला — आणि खाली पोचलो, तरी सोडला नाही.