तिसरा सोडून

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी "हं, पुढे?" एवढंच म्हणायची. तेही चहा पीत.

म्हणून आधीच सांगते. जे लिहितेय ते खोटं ठरवायला मी स्वतः तीन वर्षं जंग जंग पछाडलंय. जमलेलं नाही. तुम्हाला जमलं तर मला कळवा, उपकार होतील.

१९ नोव्हेंबर २००६. रविवार. दुपारचे पावणेचार.

साउथहॅम्प्टन, इंग्लंड. माझ्या लीलामावशीचं घर.

मावशी १९६८ साली लग्न होऊन इथे आली. बावीस वर्षांची पोर. उल्हासकाका इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. मावशीला इंग्रजीचा गंध नव्हता. मैत्रीण नाही, शेजार नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर जुने हॉलिवूडचे पिक्चर लागायचे, नाचगाण्यांचे, तेवढाच तिचा विरंगुळा.

"बोलणं कळायचं नाही गं," ती सांगायची, "पण रुसवा कळायचा. नाचातून सगळं कळायचं."

एक जोडी तिची फार लाडकी. नऊ पिक्चर एकत्र केलेले. खऱ्या आयुष्यात त्या दोघांचं अजिबात पटायचं नाही, असं काका म्हणायचे. मावशी लगेच फणकारायची, "पडद्यावर जमलं ना? मग झालं तर!"

तिला त्यात काय आवडायचं, ते तिनेच मला सांगितलं होतं. लग्नानंतर दोन महिने ती सासरी राहिली. चारचौघांत नवऱ्याशेजारी बसायचीही चोरी. आणि इथे हा हीरो हात पुढे करून उभा राहतो. ओढत नाही. जबरदस्ती नाही. नुसता हात पुढे करतो... आणि वाट बघतो.

एका रविवारी काकांनी तसाच हात पुढे केला. मग दोघं नाचायला शिकली. टीव्हीवर बघून बघून! पुढच्या खोलीतला गालिचा गुंडाळायचा, टेबल भिंतीला लावायचं, आणि खालच्या लाकडी फळ्यांवर नाचायचं. मावशी साडी खोचून, काका काळे बूट घालून.

काकांचा एक सिद्धांत होता. ह्या पिक्चरांत तीन नाच असतातच. पहिल्यात ती हात काढून घेते. दुसऱ्यात नाचते, पण मध्येच पळून जाते. आणि तिसऱ्यात ती त्याच्याबरोबर जाते.

पुढे व्हिडिओ आला. काका पिक्चर रेकॉर्ड करायचे, पण तिसरा नाच आला की रेकॉर्डिंग बंद. "तो आपला," म्हणायचे. टीव्ही बंद करायचे, तोंडाने ती चाल गुणगुणायचे आणि तिसरा नाच ही दोघं स्वतः नाचायची. कॅसेटवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं असायचं: 'तिसरा सोडून'.

२००६च्या सप्टेंबरात काका गेले. झोपेतच.

मी तेव्हा ब्रॅकनेलला नोकरी करत होते, वर्क व्हिसावर. मावशीची मुलगी तनू लेस्टरला. तिला सातवा महिना लागत होता, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं. मग दर रविवारी मीच मावशीकडे जायचे. काकांचे कपडे मीच आवरले. त्यांचे काळे बूटही मीच चॅरिटी शॉपमध्ये दान करून आले. हे लक्षात ठेवा.

पाच नोव्हेंबरला मावशी फारच उदास होती. म्हटलं, चल, तुझा पिक्चर लावू.

मीच म्हटलं. माझ्याच हाताने कॅसेट घातली.

हातमोजे विकणाऱ्या मुलीचा पिक्चर होता. मी चहा टाकायला किचनमध्ये गेले. बाहेर पहिल्या नाचाचं म्युझिक सुरू झालं.

आणि मला पावलं ऐकू आली...

टक. टक. टक.

लाकडावर बुटाच्या टाचा वाजाव्यात तशी.

टीव्हीतला आवाज असेल, असं मी धरून चालले. बाहेर येऊन बघते तर मावशी सोफ्यावर ताठ बसलेली. उजवा हात छातीशी घट्ट धरलेला. आत्ताच कुणाच्या हातातून काढून घेतलेला...

"काय गं?"

"काही नाही. गार लागलं."

मी खाली पाहिलं. जमिनीवर गालिचा होता. जाड, लोकरीचा. त्यावर टाच वाजणं शक्यच नव्हतं.

पुढच्या रविवारी, बारा तारखेला, मी दार उघडून आत शिरले आणि दारातच थांबले.

गालिचा गुंडाळून ठेवलेला होता. टेबल भिंतीला.

आता ऐका. तो गालिचा उचलायला मला आणि काकांना मिळून दम लागायचा. आणि मावशीचे गुडघे असे की खाली पडलेला चमचाही तिला उचलता येत नाही.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मी नाही."

एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. टीव्ही चालू होता. तीच कॅसेट, दुसरा नाच. आणि पडद्यावर...

हिरॉइन एकटीच नाचत होती.

तिचा एक हात हवेत, दुसरा कुणाच्याही नसलेल्या खांद्यावर. गिरकी घेत होती, मागे झुकत होती. ज्याने तिला धरलेलं असायला हवं, तो कुठेच नव्हता.

मग मावशी उठली.

गुडघ्यांवर हात न टेकता उठली. आणि नाचायला लागली.

मी हाक मारली. तिला ऐकूच गेलं नाही. फळ्यांवर तिच्या चपला सरकत होत्या आणि त्यांच्या बरोबरीने... टक. टक. टक. तिच्या पाठीवर पदर दबलेला होता. तिथे पाच बोटांच्या चुण्या पडलेल्या मला स्वच्छ दिसल्या. हो, मोजल्या मी. सवय आहे मला मोजायची.

पडद्यावरची हिरॉइन पळाली तशी मावशी धाडकन सोफ्यावर बसली. ओठ निळे पडले होते. हात बर्फासारखे गार. मी तिला शालीत गुंडाळलं, हात चोळले, रागावले, रडलेही.

श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "पहिला झाला. दुसरा झाला."

"म्हणजे?"

"तिसऱ्यात जायचं असतं गं."

मी तिच्यासमोर खाली बसले. "मावशी, तुला जायचंय?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नाही गं बाई! तनूचं बाळ बघायचंय मला. जानेवारीत येईल ते. पण ह्यांनी हात पुढे केला की मला नाही म्हणता येत नाही. अडतीस वर्षांत कधी म्हटलं नाही. आता कसं म्हणू?"

"माझ्याकडे चल, आत्ताच्या आत्ता."

पण ती उंबरा ओलांडेना. ह्यांचं घर, म्हणे. तेराव्याला सगळे आले तसे गेले, पण मी कशी जाऊ, म्हणे. फार हट्टी बाई! शेवटी मी कॅसेट काढून पर्समध्ये टाकली आणि निघाले. म्हटलं, कॅसेटच नाही तर नाच कुठला?

टेस्टर असून मला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. तिसरा नाच त्या कॅसेटवर नव्हताच मुळी.

आठवडाभरात मी ती कॅसेट घरी चार वेळा लावून पाहिली. हीरो होता की! प्रत्येक फ्रेममध्ये. दात काढून हसत होता मेला.

मग आली एकोणीस तारीख.

रविवार म्हणजे इथे रेल्वेची दुरुस्ती. ट्रेनऐवजी बस. आणि ती बस आपली प्रत्येक गावाला वळसे घालत निघालेली. मी एक वाजता पोहोचायची, तीन वाजले तरी रस्त्यातच. मावशीला फोन लावला. बराच वेळ वाजून उचलला गेला.

"मावशी, येतेच आहे. तू बाहेर शेजारणीकडे जाऊन बस पाहू."

मी फोन कानाशी दाबून धरला.

तिच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं...

पुरुषाचा आवाज. हळू, घोगरा.

"मावशी? कोण आहे तिथे?"

"हे आलेत," ती म्हणाली. आणि रिसीव्हर ठेवला.

बस थांबल्यावर मी स्टँडपासून जी धावत सुटले, ती थेट दारापर्यंत. पावणेचार वाजले होते. बाहेर अंधारून आलेलं, पण घरात एकही दिवा नाही. माझ्याकडे किल्ली होती. घाईत ती दोनदा उलटीच घातली.

आत... गालिचा गुंडाळलेला. टेबल भिंतीला. टीव्ही बंद.

मावशी खोलीच्या मधोमध उभी. नेसलेली साडी तिच्या लग्नातली, शेंदरी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, मान नाही-नाही म्हणून हलतेय.

आणि हात मात्र पुढे चाललाय. हळूहळू. समोरच्या रिकाम्या जागेकडे.

तिथून गुणगुणणं येत होतं.

खरं सांगते, ओढावं म्हटलं तर वाटलं, ओढाओढीत हिचा जीवच जायचा. आणि त्या क्षणी मला टी डान्स आठवला.

कौन्सिलच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा दुपारी तो व्हायचा. म्हातारे गोरे, चहा-केक आणि नाच. काका-मावशी मला दोनदा घेऊन गेले होते. तिथे एक रीत असते. जोडी नाचत असताना कुणी येऊन पुरुषाच्या खांद्यावर टकटक करून 'एक्स्क्यूज मी' म्हटलं, की त्याने आपली जोडीदारीण सोडायची. नाही म्हणायचं नाही. काका तर इतके सभ्य, की लगेच टाच जुळवून, किंचित वाकून बाजूला व्हायचे. भिंतीशी उभे राहायचे.

मी पुढे गेले. त्या रिकाम्या जागेत, काकांचा खांदा येईल एवढ्या उंचीवर, दोन बोटांनी टकटक केलं.

बोटं कशाला तरी लागली...

लोकर. ओलसर, गार लोकर.

"एक्स्क्यूज मी, काका," मी म्हटलं.

गुणगुणणं थांबलं.

मी बोटं तशीच हवेत धरली.

मग... टक. टक. दोन पावलं मागे. आणि टाचेला टाच जुळल्याचा आवाज.

मी मावशीचा हात झडप घालून धरला. नाचायला लागले. मला नाचता येत नाही, गणपतीतसुद्धा मी कडेला उभी असते! तिच्या पायांवर पाय दिले, पदरात अडकले. आणि भिंतीपाशी पुन्हा गुणगुणणं सुरू झालं. तो आवाज गाणं पुढे नेत होता. शांतपणे. शेवटाकडे.

तेव्हा मला रीतीचा उरलेला भाग आठवला.

गाणं संपलं की काका परत यायचे. आणि हक्काने मावशीला घेऊन जायचे.

मी नाचतच तिला खोलीबाहेर काढलं. पॅसेजमधून, दारातून, सरळ रस्त्यावर. दार धाडकन लावलं. आतून अजून चाल ऐकू येत होती, अर्धीच. ती संपायच्या आत आम्ही कोपरा गाठला. मावशीच्या पायांत चपलासुद्धा नव्हत्या.

त्या रात्रीपासून ती माझ्याकडे आहे. घर तनूने विकलं. जानेवारीत बाळ आलं, वीर. मावशीने त्याला न्हाऊ-माखू घातलं, पहिली काजळाची तीट तिने लावली. लोक म्हणायचे, मावशी किती सावरली.

मी मात्र एक खबरदारी घेतली. फ्लॅट असा घेतला की भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं. चारी बाजूंनी खिळे. ते गुंडाळता येत नाही. जोडीला घरात दिवसभर रेडिओ चालू, कुठल्याही बडबडीचा. तीन वर्षं काही म्हणजे काही झालं नाही. मी म्हटलं, सुटलो.

परवाच्या रविवारी मी दुकानात गेले होते. तासभर. परत आले तर रेडिओ बंद.

पुढच्या खोलीत कार्पेटची एक कड भिंतीपासून सुटून मागे वळवलेली होती. फाडलेली नाही, नीट वळवलेली. खालच्या फळ्या दिसत होत्या. आणि खिळे टेबलावर एका बशीत काढून ठेवलेले. ओळीने. काका सगळं असंच नीटनेटकं करायचे.

मावशी खुर्चीत बसून गुणगुणत होती. ती चाल मी विसरणं शक्य नाही. पण हा भाग मी कधी ऐकला नव्हता. मी दार लावून घेतलं होतं ना, त्याच्या पुढचा होता तो.

मी तिच्यापाशी खाली बसले. हात हातात घेतला. गार होता.

"मावशी, अजून किती राहिलंय गाणं?"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"एकच कडवं," ती म्हणाली.

मी ऑफिसला सुट्टी टाकलीय. तिच्या शेजारी बसूनच हे लिहितेय.