‘इतर’ नावाचा रकाना

मोहनाने आजवर धक्काबुक्कीला पिवळं कार्ड दाखवलं होतं, शिवीगाळीला दाखवलं होतं. चित्रकलेला मात्र पहिल्यांदाच दाखवत होती.

प्रतापनगरच्या मैदानावर डिसेंबरच्या उन्हात फुटबॉल स्पर्धेचा सामना रंगला होता. खेळ सगळा पलीकडच्या टोकाला, आणि फतेगंज संघाचा गोलकीपर इकडे मोकळा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं या पठ्ठ्याने बुटाच्या टोकाने धुळीत चित्र काढलं होतं – उडती वेणी, तोंडात शिट्टी, आणि हे एवढं नाक.

“मैदानावर खुणा करायच्या नाहीत. नियम आहे,” वहीत त्याचा नंबर टिपत ती म्हणाली.

“खूण कुठे, रेफरीबेन? तुम्हीच आहात ती.”

“माझं नाक एवढं नाहीये.”

“मग कार्ड खुणेसाठी आहे... की नाकासाठी?”

मोहनाला हसू फुटत होतं. ते तिने शिट्टीत फुंकून टाकलं.

सामना संपला तर स्वारी फाटकाशी हजर. नाव सलील. फतेगंजमधल्या एका छोट्या स्टुडिओत तो विनोदी कार्टून मालिका करायचा. नव्या भागात मालिकेतले बाबूभाई सोसायटीच्या फुटबॉल सामन्याला रेफरी होतात आणि चक्क एका प्लेट शेवउसळीवर विकले जातात.

“पण खरा रेफरी कसा वागतो, ते मला कळायला हवं ने,” तो म्हणाला. “शिकवाल?”

मग शाळेत मुलांचा खेळाचा तास घेऊन झाला की मोहना स्कूटरवरून फतेगंजच्या शेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जायला लागली. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, बरं का. स्पर्धा संपेपर्यंत खेळाडूच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा तिचा बाणा. तो समोर बसून मिटक्या मारायचा, आणि ती त्याच्याच बशीतल्या कांद्याच्या फोडी मांडून त्याला ऑफसाइड समजावायची.

“एक घास. कोण बघतंय?”

“मी बघतेय ने.”

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि मोहनाने उगाचच बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“शेवट जमत नाहीये,” एकदा तो वैतागून म्हणाला. “निर्मात्याला हवंय, बाबूभाई ऐनवेळी खरा निर्णय देतात आणि सगळे टाळ्या वाजवतात.”

“टाळ्या? खरा निर्णय दिला की निम्मं मैदान शिव्या घालतं. उरलेल्यांना वाटतं, त्यात काय, आमच्या हक्काचंच होतं.”

“मग माणसाने प्रामाणिक राहायचं कशासाठी?”

मोहनाने कांद्याची एक फोड ऑफसाइडमधून मागे सरकवली.

पुढच्या आठवड्यात उपांत्य सामना. रेफरी मोहनाच. उंच आलेला चेंडू पकडायला सलील झेपावला, गर्दीत कोसळला – आणि शिट्टी वाजली. फाऊल तर खराच होता, विरुद्ध संघानेही हुज्जत घातली नाही. पण मोहनाला ठाऊक होतं, शिट्टी वाजली तेव्हा तिने फाऊल पाहिलाच नव्हता. फक्त तो पडलेला पाहिला होता, आणि हात आपसूक शिट्टीकडे गेला होता.

फतेगंज अंतिम फेरीत पोचलं. अंतिम सामनाही मोहनाकडेच आला, या स्पर्धेत बाईमाणसाला पहिल्यांदाच. तीन वर्षं ती याची वाट पाहत होती. तिच्या वडिलांनी, दत्तात्रेयांनी, रेल्वेच्या अख्ख्या कारखान्याला आमंत्रण दिलं होतं.

सामन्याआधी रेफरीने एक फॉर्म भरून द्यायचा, ही तिथली जुनी पद्धत. कुठल्या खेळाडूशी नातं? नाही. नोकरीचा संबंध? नाही. इतर...?

पेन तिथेच अडलं. दोघांत शब्दानेही काही ठरलेलं नव्हतं. ‘नाही’ लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

स्पर्धेचे सचिव जयसिंगराव फॉर्म वाचून चष्मा काढत म्हणाले, “पोरी, तुमचं काही ठरलंय का?”

“नाही, काका. त्याला माहीतही नाही.”

“मग लिहिलंस कशाला? सामना जाईल हातचा.”

“मला माहीत आहे ने.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “रेफरी बदलला की कारण दोन्ही कप्तानांना वाचून दाखवावं लागतं. आणि फतेगंजचा कप्तान तोच आहे.”

“वाचायलाच हवं का, काका?”

“नियम आहे.”

तर रविवारी दुपारी, नाणेफेकीआधी, सलीलला ते असं कळलं. जयसिंगरावांनी घसा खाकरून वाचलं, ‘फतेगंजच्या गोलकीपरबद्दल माझं मन तटस्थ नाही.’ त्याच्या हातून हातमोजा खाली पडला म्हणतात.

मोहना बाबांशेजारी प्रेक्षकांत बसली होती. बाबांनी मान मैदानाकडेच वळवून ठेवली होती. मध्यंतरात त्यांनी खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी तिच्याकडे सरकवली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या मिनिटाला सलीलने चेंडू रेषेवर अडवला. नव्या रेफरीने गोल दिला. फतेगंज हरलं.

“रेषेपलीकडे गेलाच नव्हता,” मोहना ताडकन उठली.

“बस खाली. आज तू प्रेक्षक आहेस,” बाबा म्हणाले.

मैदान रिकामं झाल्यावर ती गोलखांबापाशी गेली. सलील धुळीत बसून होता.

“तो गोल नव्हता,” तो म्हणाला. “तू असतीस तर दिला नसतास.”

त्याने ‘तू’ म्हटलेलं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“नसता दिला,” मोहना म्हणाली. “पण मग मला आयुष्यभर कळलं नसतं, नियमासाठी नाही दिला की... तुझ्यासाठी. माझ्यामुळे हरलास. रागावलास?”

“खूप. पण शेवट मिळाला. बाबूभाई सामनाच सोडून देतात.”

“आणि टाळ्या?”

“एकच माणूस वाजवतो. गोलकीपर. पण त्याच्या हातांत हातमोजे असतात ने... आवाज येत नाही.”

तो उभा राहिला, आणि ते जाडजूड मोजे एकमेकांवर आपटत राहिला. धप्, धप्. धूळ तेवढी उडाली. “माझंही नाही, मोहना,” तो म्हणाला. “तटस्थ. त्या पिवळ्या कार्डापासूनच.”

तिचे डोळे भरून आले. ते धुळीने नव्हते, हे तिने लपवलं नाही.

“स्पर्धा संपली ने?” तिने विचारलं.

“संपली.”

“चल मग, शेवउसळ खाऊ घाल. माझ्या प्लेटमध्ये तिखट जास्त घालायला सांग.”