जास म्हणू नये

लाईट गेली ते बरं झालं. मोबाईल ठेवा खाली आणि ऐका. आणि ‘आजी, असलं काही नसतं’ हे मला ऐकवू नका. मीही तेच म्हणत असे, तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

हेमांगी माझ्या माडीवर भाड्याने राहायची. शहाद्याकडची पोर. इथल्याच, नंदुरबारच्या एका कॉलेजात कॅन्सरच्या पेशींवर काम करायची. माणसाच्या गाठीचा बारीक तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या. गुलाबी पाणी हे त्यांचं खाणं. ते दोन-तीन दिवसांनी बदलायचं. बाटल्या उबेच्या कपाटात.

त्यातली एक बाटली छबूबाईची. तळोद्याकडची बाई, गालाचा कॅन्सर. बाटलीवर नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर. पण ऑपरेशनआधी संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला हेमांगीच गेली होती.

"पोरी, त्या तुकडानं तू काय करशी?" छबूबाईने विचारलं.

"जगाडसू, मावशी."

"मंग मी मरनू तरी थोडी उरसू," म्हणून बाई हसली.

महिन्याभरात ती गेली. तिकडे तिला जाळली, इकडे बाटली वाढत राहिली.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जास’, म्हणजे जाते, असं म्हणत नाही. ‘येस’ म्हणतात, परत येते म्हणून. हेमांगीची जीभही तशीच वळलेली. रोज निघताना कपाटाकडे बघून म्हणायची, "येस, मावशी." सोबतची पोरं चिडवायची, "मावशीला डबा दिला का गं?"

गेल्या साली पोळा शुक्रवारी आला. त्या अमावस्येच्या रात्रीची ही गोष्ट. सगळे आपापल्या गावी बैल सजवायला गेलेले. पाणी बदलायला हेमांगी एकटी थांबली. दिवेलागणीला कपाट उघडलं, तर छबूबाईच्या बाटलीत पांढरा कापूस तरंगत होता. बुरशी. तिने सरांना फोन लावला.

"मारून टाक," सर म्हणाले. "आत्ताच. नाहीतर सगळ्यांच्या बाटल्या जातील."

"सर, या बाईचं एवढंच उरलंय."

"मग मी काय करू? ब्लीच ओत."

सर चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. पोर बाटली समोर ठेवून बसून राहिली. ‘जगाडसू’, जगवीन, म्हणालेली ती. शेवटी रात्री ओतलं. गुलाबी पाणी पांढरंफटक झालं.

मग ती दाराशी आली. आता आत होतंच कोण? ‘येस’ कुणाला म्हणायचं? रडत रडत म्हणाली, "जास, मावशी."

मागून आवाज आला. हलका. तोंडात गाठ असलेल्या माणसासारखा, अडखळता.

"येस म्हण."

तिने दार ओढलं. दार येईना.

"येस म्हण..."

तिने मागे पाहिलं नाही. बरं केलं.

पुन्हा ओढलं. दार तसंच.

मग आवाज थांबला. काहीच नाही. नुसता श्वास... मानेपाशी. गरम.

"येस," हेमांगी म्हणाली. "येस, मावशी. येस..."

दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी बापाने तिला गावी नेलं. शिक्षण सुटलं. पण दिवस मावळला की ती उठते आणि नंदुरबारच्या रस्त्याला लागते. दोनदा बसमधून उतरवून आणली. ‘येस म्हटलं मी,’ एवढंच बोलते. दिलेला शब्द मोडायचं बळ नाही, आणि पाळायला तिथे उरलंय काय? डॉक्टर झाले, देवही झाले. तिची आई हात जोडते मला. मी काय करणार? मला सगळं जमतं असं सांगत फिरले जन्मभर. हे जमलं नाही.

आता रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतात. दसऱ्याला मी गेले होते तिकडे. म्हटलं, आज कडी मी लावणार. लावली. वर कुलूप घातलं. दाराला खाट टेकवून तिच्यावर निजले. किल्ली माझ्या मुठीत.

रात्रभर डोळा लागला नाही माझा. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही.

उजाडलं तेव्हा पोर आत निजलेली होती.

कुलूप मात्र माझ्या उशाशी होतं. उघडं...




आणि किल्ली माझ्या मुठीतच.